सिबुमचं सोयरं

११ सप्टेंबर १९६२, सोनाळा

आजपासून मी कंपाउंडर. पक्का नाही. डॉक्टर गद्रे म्हणाले, "दसऱ्यापर्यंत तुझा हात बघतो, मग ठरवू." बघू देत. मी, दुसरबीडचा इंद्रभान, मॅट्रिक आहे, तेही संस्कृत घेऊन, आणि या गावात मॅट्रिक झालेले बोटावर मोजण्याइतके. डॉक्टर पुण्याचे. इथे येऊन वर्ष झालं तरी कुणी "मले हिव भरून राह्यलं" म्हणालं की अजून माझ्याकडे बघतात. म्हणजे पेशंटचं मराठी मी डॉक्टरांना सांगायचं आणि डॉक्टरांचं लॅटिन पेशंटला. दुभाष्याचा पगार वेगळा मागायला हवा होता.

राहायला दवाखान्यामागची खोली आहे. डबा बाईकडून येतो. बाई म्हणजे माझी थोरली बहीण, अंबूबाई. माय गेली तेव्हा मी पाळण्यातून नुकताच उतरलो होतो, तिनंच मला वाढवलं. मग लग्न होऊन ती इथे आली. गावाबाहेर ओढ्याकाठी त्यांचा भाजीचा मळा आहे. भाऊजींनी, म्हणजे उकंडरावांनी, डॉक्टरांच्या घरी वांगी-मिरच्या पोचवून पोचवून माझी ही नोकरी लावली. हे भाऊजी मला रोज आठवण करून देतात.

१३ सप्टेंबर

डॉक्टरांनी लॅटिन शब्दांचा कागद दिला. "चिठ्ठीवर मी हेच लिहिणार. पाठ कर." मला वाटलं होतं डोंगर असेल. निघाली टेकडी! 'मिश्चुरा' म्हणजे मिश्रण, अरे, हा तर आपला 'मिश्र'. 'तेर दिए' म्हणजे दिवसातून तीनदा. 'तेर' म्हणजे 'त्रि' आणि 'दिए' म्हणजे 'दिवस'. 'होरा सोम्नी' झोपतेवेळी. 'सोम्नी' हा 'स्वप्न'चा भाऊ. 'पोस्ट' म्हणजे नंतर, आपलं 'पश्चात्'. सगळे आपलेच सोयरे, परदेशात राहून टोपी घालून आलेले. चिखलीच्या शाळेत संस्कृतचे धडे घोकताना मी मास्तरांना शिव्या दिल्या होत्या, त्या आज मनातल्या मनात परत घेतल्या.

एकच शब्द अडला. 'पोस्ट सिबुम' म्हणजे जेवणानंतर. 'सिबुम' म्हणजे अन्न. याचं सोयरं काही सापडत नाही. भोजन, अन्न, आहार, ग्रास, सगळ्यांच्या दारात त्याला नेऊन उभा केला, कुणी ओळख देईना. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "तुला सोयरिकी जुळवायला ठेवलेलं नाही. क्विनीन तोल. आणि नीट तोल, मापात आहे तोवर ते औषध. जास्त झालं की आधी कान जातात, मग डोळे, मग हृदय."

१७ सप्टेंबर

आज अब्रू गेली. एका गाडीवानाला हिवतापाचं औषध दिलं. 'जेवल्यावर घ्या' हे मी तोंडातल्या तोंडात पुटपुटलो असेन. पठ्ठ्यानं दाराबाहेर पडताच उपाशीपोटी बाटलीला तोंड लावलं आणि परत येऊन आमच्याच पायरीवर ओकला. डॉक्टर बाहेर आले. सगळ्या पेशंटांसमोर म्हणाले, "पोस्ट सिबुम! काय लिहिलं होतं मी? पुन्हा कुणी रिकाम्या पोटी क्विनीन घेतलं तर मी दसऱ्याची वाट बघणार नाही."

पायरी मी धुतली. या लोकांना नुसतं सांगून भागत नाही, 'हाव, हाव' म्हणतात आणि करतात आपल्या मनाचं. काहीतरी पक्का बंदोबस्त करायला हवा.

१८ सप्टेंबर

केला बंदोबस्त. आता बाटली हातात देण्याआधी शपथ घालतो. "म्हणा, जेवल्याबिगर थेंब घेणार नाही, देवीची शप्पथ!" बाप्ये हसत हसत म्हणतात. बाया मात्र बाटली कपाळाला लावून, डोळे मिटून म्हणतात. जे लॅटिनला जमलं नाही ते देवीनं एका दिवसात करून दाखवलं. डॉक्टरांनी आतून सगळं ऐकलं. दुपारी त्यांच्या किटलीतला चहा माझ्या कपात आला. स्वतःची पाठ थोपटता येत नाही म्हणून इथे लिहून ठेवतो.

२४ सप्टेंबर

बाईला हिव भरलं. भाऊजींनी तिला गाडीत घालून आणलं. अंगावर गोधड्यांचा ढीग, तरी दात वाजत होते. डासांच्या औषधाचे फवारणीवाले येऊन दारावर आकडा रंगवून गेले आहेत, पण डासांना आकडे वाचता येत नसावेत. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, प्लीहा वाढली आहे म्हणाले. क्विनीन, तेर दिए, पोस्ट सिबुम.

तिलाही शपथ घातली. कुडकुडतानाही हसली. "माह्यावर बी भरोसा नाई का तुया?"

"नियम म्हंजे नियम," मी म्हणालो.

तिनं बाटली कपाळाला लावली आणि शपथ घेतली. खरं तर बाईची मला काळजी नाही. देवाशी तिचा व्यवहार रोखठोक आहे. श्रावणात पाहुण्यांच्या गडबडीत एका सोमवारी चुकून तिनं भाकर खाल्ली, तर मागाहून दोन दिवस उपाशी राहून तो सोमवार भरून काढला. "राह्यलेलं भरून द्याच लागते," असं तिचं म्हणणं. अशी पेशंट मिळाली तर डॉक्टरांना आणखी काय हवं?

२८ सप्टेंबर

ताप उतरला! आज बाई स्वतः डबा घेऊन आली. तोंड फिकट होतं, पण चालीत जोर होता. डॉक्टर म्हणाले, "ताप गेला म्हणून औषध थांबवायचं नाही. अजून आठवडा तरी घ्यायचंच. हा ताप उलटला आणि मेंदूत चढला तर हातचं माणूस जातं." मी दुसरी बाटली भरून दिली.

उद्या घट बसणार. बाई यंदा नऊ दिवसांचा उपास धरते आहे. एरवी आमच्यासारखे बाप्ये आणि ती, सगळे उठता-बसता धरतो, पहिला दिवस आणि शेवटचा. "यंदा काऊन?" म्हटलं तर म्हणाली, "असंच. देवीचं अन् माह्यं काही बोलणं झालं हाय."

३० सप्टेंबर, दुसरी माळ

गल्लीभर भगर आणि शेंगदाण्याच्या आमटीचा वास. दवाखान्यात गर्दी कमी. बाई स्वतः उपाशी असून मला ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी पाठवते आहे. डबा द्यायला आली तेव्हा बजावलं, औषध विसरू नकोस.

"जेवल्याबिगर एक थेंब नाई घेणार, तू बेफिकीर राह्य," ती म्हणाली. पेशंट असावा तर असा.

३ ऑक्टोबर, पाचवी माळ

काहीतरी चुकतंय. बाईला पुन्हा हिव भरलं, पहिल्यापेक्षा जोरात. भाऊजी सांगायला आले तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. शिवाय गावातली जनकाबाई, तिचा तापही मागच्या आठवड्यात गेला होता, तोही उलटला. आणखी दोघी आल्या. सगळ्या बायाच. त्याच आठवड्यात औषध नेलेले बाप्ये ठणठणीत, बैल हाकत फिरताहेत.

डॉक्टरांनी जनकाबाईला विचारलं, "औषध घेतलंत का नीट?"

"हाव जी. कंपाउंडरनं सांगतलं तसंच करून राह्यली. जराबी इकडचं तिकडं नाई."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्या हातची बाटली उघडून बोटभर औषध चाखलं, तोंड वाकडं केलं आणि आत गेले. कडू होतं म्हणजे क्विनीन होतं. पुरेसं होतं का, हे जिभेला कसं कळणार? बाईसाठी त्यांनी नवी बाटली लिहून दिली आणि भाऊजींना म्हणाले, "जुनं औषध फेकून द्या, हे सुरू करा." उद्या ती मी भरायची आहे.

४ ऑक्टोबर, सहावी माळ

झोप नाही. लॅटिनचा कागद पुन्हा पुन्हा वाचला. मापाची खूण मी उलटी समजलो का? 'तेर दिए' म्हणजे तीनदा, यात शंका नाही. मिश्रण हलवायचं राहिलं का? क्विनीन तळाशी बसलं आणि बायांच्या वाट्याला वरचं पाणी आलं का? पण मग बाप्ये कसे बरे झाले? नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, माझं तर कुठलं अंगण वाकडं आहे तेच कळेना.

दुपारी डॉक्टर म्हणाले, "माझ्या आधीच्या डॉक्टरकडे एक कंपाउंडर होता. क्विनीन बाहेर विकायचा आणि बाटलीत पाणी वाढवायचा. हे तुला माहीत आहे?"

मी म्हणालो, "नाही."

"आता माहीत झालं."

इथे खरं लिहितो. बाईची नवी बाटली भरताना मी क्विनीन दुप्पट घातलं. कुणाला विचारलं नाही. एकवार तोललं, मग बरणीकडे पाहत उभा राहिलो, मग पुन्हा तोललं. डॉक्टरांनी मापाचं सांगितलेलं आठवत होतं. पण आहे त्या मापानं ताप हटत नसेल तर मी काय बहिणीला मरू देऊ? भाऊजी बाटली घेऊन गेले.

६ ऑक्टोबर, अष्टमी

मळ्यावर जाऊन आलो. बाई घटासमोर गोधडी पांघरून बसली होती. डोळे आत गेलेले, ओठांवर पापुद्रे. आता ती भगरसुद्धा खात नाही, दिवसातून दोन लवंगा आणि पाणी. मी ओरडलोच, "उपास सोड! ताप काय अन् उपास काय!"

"सोडू कशी? तुय्यासाठीच तं धरला."

मग कळलं. दसऱ्याला माझी नोकरी पक्की व्हावी म्हणून तिनं देवीला नऊ दिवस बोलले आहेत. आणि भाऊजींनी घरी येऊन सांगितलं की डॉक्टर इंद्रभानवर नाराज आहे, तेव्हा तिनं भगर सोडून लवंगेवर उपास नेला. मला रडू यायला लागलं. रागही आला. कुणी सांगितलं होतं तिला?

"औषध तरी आहे ना?" मी विचारलं.

"हाय ना. थे पाह्य." घटाशेजारी पांढऱ्या फडक्यात माझ्या बाटल्या गुंडाळून ठेवलेल्या, वर झेंडूचं फूल. "तुया भाऊजीनं जुनी फेकून दे म्हनलं, पन औषध कोनी फेकते का? परवा पारणं झालं का सारं घेईन, एक थेंब वाया जाऊ देनार नाई."

माझ्या औषधाला तिनं देवीशेजारी जागा दिली. गेल्या दोन दिवसांत मला आलेला सगळा शीण ते फूल बघून उतरला. निघताना म्हणालो, "घे म्हंजे झालं."

७ ऑक्टोबर, नवमी

बुडत्याचा पाय खोलात. आज डॉक्टरांनी क्विनीनची बरणी तोलली. चिठ्ठ्या काढल्या, बेरीज केली. बरणीत कमी भरलं.

"कुठे गेलं?"

बाईच्या बाटलीत, असं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. सांगितलं तर विचारणार, कुणाच्या हुकमानं? न सांगावं तर चोर. डॉक्टरांनी बरणी कपाटात ठेवून कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. "उद्या दसरा आहे. परवा सकाळी तुझा निर्णय सांगतो. तोवर औषधाला हात लावू नकोस."

ज्यानं आयुष्यात कुणाच्या मळ्यातली काकडी उचलली नाही तो मी, क्विनीनचोर!

८ ऑक्टोबर, दसरा

अक्षर वेडंवाकडं येतंय. येऊ दे, आज सगळं लिहायचं आहे.

सकाळी बाईचा निरोप आला होता, बारा वाजता पारण्याला ये, सोनं घेऊन. गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार? तिनं नोकरीसाठी लवंगेवर दिवस काढले आणि मी चोर ठरून बसलेला. खोलीत खाटेवर पडून राहिलो. बारा वाजून गेले, तरी उठलो नाही.

मग दवाखान्यासमोर गाडी थांबली. जनकाबाईला दोघांनी धरून आत आणलं. भिंत चाचपत चालत होती. "कानात घंट्या वाजून राह्यल्या, बावा! डोयापुढं अंधारी येऊन राह्यली." बसली आणि ओकली. डॉक्टर नाडी बघत होते, मी घमेलं धरलं होतं.

"काय खाल्लं?" मी विचारलं.

"आमच्या घरी नवमीलेच घट उठतात. काल सांजच्याला पारणं केलं. पोटभर जेवली अन् मंग तुमचं औषध घेतलं."

"किती?"

"राह्यलेलं सारंच घ्याचं होतं. अर्धी बाटली झाली अन् ओकारी आली, म्हून बाकीचं राह्यलं."

"राहिलेलं म्हणजे?"

लहान पोराला समजवावं तशा आवाजात ती म्हणाली, "इतके दिवस जेवलीच नाई, तं औषध कसं घेऊ? देवीची शप्पथ तुमीच तं घातली होती. मंग राह्यलेलं भरून द्या नाई लागत का?"

"अहो, भगर खात होता ना तुम्ही?"

"भगर म्हंजे फराळ. भगर खाल्ली तं का जेवन झालं?"

डॉक्टरांचा हात तिच्या मनगटावरच थांबला. मला घटाशेजारचं पांढरं फडकं दिसलं, त्यावरचं फूल दिसलं. *पारणं झालं का सारं घेईन.* तिनं मला तोंडावर सांगितलं होतं आणि मी खूश होऊन घरी आलो होतो. दोन बाटल्या, दोन्ही भरलेल्या. त्यातली एक दुप्पट.

"बाईकडे दोन बाटल्या आहेत," मी म्हणालो. "एकीत क्विनीन दुप्पट आहे. मी घातलंय."

डॉक्टर एवढंच म्हणाले, "पळ."

पळालो. सगळं गाव नव्या कपड्यांत रस्त्यावर होतं. "कंपाउंडर, सोनं घ्या!" म्हणत लोक आपट्याची पानं पुढे करत होते, मी त्यांचे हात झटकत होतो. कुणीतरी मागून शिवी दिली. ओढ्यात एक चप्पल रुतली ती तिथेच राहिली. दोन वाजायला आले होते. पारणं बाराचं. एवढ्या वेळात ती जेवली असणार, जेवल्यावर लगेच बाटल्या घेतल्या असणार, ती कशालाच उशीर करत नाही. मी पळता पळता मोठ्यानं रडत होतो. देवीला म्हणालो, नोकरी घे, मला आंधळा कर, काहीही कर.

बाई दारातच बसली होती. भिंतीला टेकून. डोळे मिटलेले.

"बाई!"

डोळे उघडले तिनं. "आला का? किती वाट पाहाची मानसानं?"

"जेवलीस?"

"तुय्याबिगर कशी जेवू? तुय्यासाठी उपास अन् तूच नाई पारण्याले?"

भाऊजी आतून तणतणत आले. "कवाचा सांगून राह्यलो, जेव, जेव! आयकतच नाई. म्हने भाऊ आल्यावर!"

आत दोन ताटं वाढून झाकून ठेवलेली. पुरणपोळी, कढी, भजी. तिच्या ताटाशेजारी पितळी तांब्या, त्यावर विड्याचं पान. पान उचललं. दोन्ही बाटल्या तिनं त्यात ओतून ठेवल्या होत्या, जेवण झालं की एकदम घेता यावं म्हणून. मी तांब्या उचलून बाहेर मिरचीच्या वाफ्यात रिकामा केला.

"देवीपुढचं औषध फेकलं! अरे, येडा झाला का तू?" ती उठायला गेली आणि बसली. मी तिच्याजवळच जमिनीवर बसलो आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून लहानपणी रडायचो तसा रडलो. मग सगळं सांगितलं. दुप्पट क्विनीन, जनकाबाईचे कान, सगळं. फक्त चोरीचा आळ सांगितला नाही. भाऊजी डोक्याला हात लावून उंबऱ्यावर बसले.

बाईनं पदरानं माझे डोळे पुसले. मग म्हणाली, "शप्पथ तूच घातली होती."

"मीच घातली होती. सुटली."

"असं रस्त्यावर म्हनल्यावानी नाई. घटापुढं म्हन."

घट उठलेले होते, पण जागा सारवलेली होती. तिथे हात जोडून मी म्हणालो, "शपथ सुटली." मग ती जेवायला बसली. मी समोर बसलो. बारा वाजता मी आलो असतो तर आम्ही दोघं हसत जेवलो असतो, मी सोनं देऊन निघालो असतो, आणि मी ओढा ओलांडेपर्यंत तिनं तांब्या तोंडाला लावला असता. माझ्या लाजेनं ती वाचली. हा विचार मनातून जात नाही.

दिवे लागायच्या आत डॉक्टर आणि मी घरोघर फिरलो. जिथे जिथे मी शपथ घातली होती त्या प्रत्येक दारात उभं राहून म्हणालो, "शपथ सुटली. फराळ केला तरी औषध घ्या. पण एका वेळचं एकाच वेळी, राहिलेलं भरून काढायचं नाही." बायांनी देवळीतून, उतरंडीतून, देवाशेजारून बाटल्या काढून आणल्या. दोघींच्या तर जशाच्या तशा होत्या. जनकाबाईला आता दिसतंय, कान अजून वाजताहेत.

परत येताना डॉक्टर म्हणाले, "मी स्वतः चतुर्थी करतो. साबुदाण्याची खिचडी खाऊन गोळी घेतो. यांच्या लेखी ते जेवण नसतं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही." दवाखान्याच्या पायरीशी थांबले. "तू चोर नाहीस. तुझ्यावर संशय घेतला तो मागे घेतो. पण न विचारता औषध दुप्पट करणाऱ्या माणसाच्या हातात मी बरणी देऊ शकत नाही, इंद्रभान. इतर सगळं विसरता येईल, ते नाही."

त्यांचं बरोबर होतं. त्यांनी बाईसाठी स्वतः मापून औषध दिलं, एकेका वेळचं वेगळ्या छोट्या बाटलीत. वर म्हणाले, "दोन दिवस तिथेच राहा. तुझ्या हातानं पाज."

९ ऑक्टोबर, एकादशी

मळ्यावर आहे. रात्री बाईला पुन्हा ताप चढला होता, पहाटे घाम येऊन थोडा उतरला. डॉक्टर सकाळी सायकलवर येऊन पाहून गेले. म्हणाले, औषध आता कुठे सुरू झालंय, उद्यापर्यंत कळेल. भाऊजींना मी नोकरीचं सांगितलं आहे. त्यांनी एकदाही वांग्यांची आठवण काढली नाही.

मी वाटीत औषध घेऊन गेलो तर बाई म्हणते, "आज एकादस हाय. जेवन नाई."

"शपथ सुटलीय बाई."

"शप्पथ सुटली. एकादस कुठं सुटली?"

चुलीवर भगर टाकली. करपली थोडी. तिला मांडीशी टेकवून घासाघासानं भरवली, जशी ती मला भरवायची. मग वाटी पुढे केली. तिनं माझं मनगट धरलं. हात तापलेलाच होता.

"नोकरी पक्की झाली ना? खरं सांग. काल तू काई बोललाच नाई. नसंन झाली तं माह्यंच कुठंतरी कमी पडलं असंन. तेवढे दिवस पुन्हा भरून देईन."

"झाली," मी म्हणालो.

"माही शप्पथ?"

भाऊजी दारात उभे होते. त्यांनी मान फिरवली.

"तुझी शपथ," मी म्हणालो, आणि वाटी तिच्या ओठाला लावली. तिनं एका दमात औषध घेतलं आणि कडू तोंड करून हसली. मग गोधडी ओढून झोपली.

खोटी शपथ ज्याची घ्यावी त्याला बाधते म्हणतात. मी मॅट्रिक आहे, असलं काही मानत नाही. तरी बाहेर मिरचीच्या वाफ्यापाशी जाऊन 'सुटली, सुटली' म्हणून पाहिलं. पण ही शपथ तिनं घातलेली आहे, ती तिनंच सोडायला हवी, आणि त्यासाठी तिला खरं सांगायला हवं. ताप उतरल्यावर सांगीन. दुपारच्या औषधाआधी पुन्हा भगर शिजवायची आहे.